व्यापार गटांवरचा ऑनलाइन कोर्स केला, कसा आहे सांगतो

एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनमध्ये काम करणाऱ्यांनी तरी हा कोर्स करावाच असं माझं मत आहे, कारण शेजारी देशांच्या व्यापार करारांवर इतर ठिकाणी जे मिळतं त्यात शिखर परिषदांचे फोटो आणि तारखाच जास्त असतात, इथे मात्र सर सुरुवातीलाच रुल्स ऑफ ओरिजिनला, म्हणजे माल कुठल्या देशाचा हे ठरवणाऱ्या नियमांना, हात घालतात आणि खरी मेख तिथेच आहे.

म्हणजे बघा, फ्री ट्रेड करारात प्रत्येक देश बाहेरच्या मालावर आपापली ड्युटी लावतो, मग कुणीही कमी ड्युटीवाल्या देशातून माल आत घुसवेल आणि तिथून शेजाऱ्याकडे बिनड्युटीचा पाठवेल, ते रोखायला माल नक्की कुठे बनला हे सिद्ध करावं लागतं. कस्टम्स युनियनमध्ये बाहेरची ड्युटीच सगळ्यांची एक, त्यामुळे ही कटकट बरीच कमी होते (तरी दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर या अशाच युनियननं साखर आणि मोटारगाड्या बाजूलाच ठेवल्या होत्या, हेही सर सांगतात). सगळ्यात भारी म्हणजे गाडीचं उदाहरण. नाफ्तामध्ये, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या जुन्या करारात, साध्या मोटारीची 62.5 टक्के किंमत तिन्ही सदस्य देशांतली असली की भागायचं, 2020 ला त्याच्या जागी यूएसएमसीए लागू झाला आणि त्यात ही अट टप्प्याटप्प्यानं 75 टक्क्यांवर गेली, आता गिअरबॉक्स बाहेरून आणला तर गाडी या अटीत बसते का नाही याचा हिशोब ते एकेक पार्ट धरून करून दाखवतात. असं शिकवणारं मला तरी दुसरं कुणी भेटलं नाही.

बुसियाचं लेक्चर अजिबात चुकवू नका. केनिया आणि युगांडाच्या सीमेवरचं हे नाकं, आधी ट्रकला दोन्हीकडे थांबावं लागायचं, आता ज्या देशात शिरायचं तिथेच एकदा थांबायचं आणि दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली कागद बघतात. ड्युटी शून्य करून ट्रक रांगेतच अडकून पडणार असेल तर व्यापाऱ्याच्या हातात काय पडलं, हा मुद्दा सरांनी लावून धरलाय ते फार आवडलं.

नावडलेलं पण सांगतो. साफ्ता, म्हणजे दक्षिण आशियाचा फ्री ट्रेड करार, एका स्लाइडमध्ये गुंडाळलाय! 2006 पासून लागू असलेला करार, तरीही दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास, तर आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाचा, वीसच्या वर, मग असं का होतं हे नीट उलगडायला नको का? सेन्सिटिव्ह लिस्ट, म्हणजे सवलतीतून वगळलेल्या मालाची यादी, तिचं नाव घेतात आणि पुढे जातात, चीड येते. क्विझ तर निव्वळ सालं पाठ केलीत का ते तपासतं, आणि सबटायटल्समध्ये आकडे चुकलेत, त्यामुळे ऐकूनच नोट्स काढा.

फी जरा जास्त आहे पण वसूल होते. अर्थशास्त्र शिकलेलं नसलं तरी काही अडत नाही, फक्त एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) म्हणजे काय एवढं माहीत करून मगच सुरू करा.