मॉरिसव्हिलची चार्टर शाळा: वेटलिस्ट आणि त्यानंतरचं वर्ष

नॉर्थ कॅरोलायनात नवीन आलेली मराठी मंडळी घर बघायला लागली की लगेच विचारतात, "चार्टरला नंबर लागतो का हो?" आमचा मुलगा तिसरीला अशा एका शाळेत गेला. आता वर्ष संपत आलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. शाळेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि पोरगा अजून तिथेच शिकतोय.

चार्टर म्हणजे खासगी शाळा नव्हे. फी नाही, पैसा सरकारचा, पण कारभार स्वतंत्र मंडळाचा. अमेरिकेतला असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, नॉर्थ कॅरोलायनाने १९९६ मध्ये. इथे बरीच वर्षं राज्यभरात शंभरच शाळांना परवानगी होती. ती अट २०११ मध्ये उठली आणि शाळा दुपटीहून जास्त झाल्या. याद्या मात्र तशाच लांबलचक.

सरकारी शाळा वाईट म्हणून लोक पळतात, असं आमच्या भागात तरी नाही. केरी-मॉरिसव्हिलच्या शाळा चांगल्याच आहेत. भानगड वेगळी आहे. ज्या शाळेच्या नावावर एजंटने घराची किंमत पटवली, ती नेमकी 'कॅप्ड' निघते. म्हणजे शाळा भरली, उशिरा आलेल्यांनी दूरच्या ओव्हरफ्लो शाळेत जायचं. त्यात आमच्या वेक काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) अनेक शाळा ईयर-राउंड, वर्षभर चालणाऱ्या. मुलं चार ट्रॅकमध्ये वाटलेली, साधारण नऊ आठवडे शाळा की तीन आठवडे सुट्टी. नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर त्या तीन आठवड्यांत पोराला ठेवायचं कुठे? दर वेळी कॅम्प शोधा, पैसे भरा. आम्ही चार्टरचा फॉर्म भरला तो मुख्यतः नेहमीच्या कॅलेंडरसाठी. "गणित फार छान शिकवतात" वगैरे नंतर कानावर आलं.

फॉर्म ऑनलाइन, फुकट. मुदत हिवाळ्यात संपते, मग लॉटरी. जागा किती याचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. आधीची मुलं आपोआप पुढच्या वर्गात जातात, मग भावंडांना आणि शिक्षकांच्या मुलांना प्राधान्य. खऱ्या मोकळ्या जागा असतात त्या केजीला. तिसरी-चौथीला कुणी शाळा सोडली तरच. आम्हाला जो वेटलिस्ट नंबर आला तो बघून नवऱ्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "याच्या बारावीपर्यंत लागेल."

पण यादी दिसते तेवढी लांब नसते. म्हाडाच्या सोडतीत अनामत रक्कम भरावी लागते, त्यामुळे उगाच कुणी अर्ज करत नाही. इथे काहीच भरायचं नसतं, मग प्रत्येक घर चार-पाच शाळांत नाव टाकून ठेवतं. आमच्या गल्लीतल्या तीन घरांची नावं त्याच पाच याद्यांत होती. म्हणजे मुलं तीन, नावं पंधरा.

हा घोळ देशपातळीवरही गाजलाय. चार्टर शाळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की देशभरातल्या याद्यांवर दहा लाखांहून जास्त नावं आहेत. कोलोरॅडो विद्यापीठातल्या नॅशनल एज्युकेशन पॉलिसी सेंटरने त्याच वर्षी या आकड्यावर सडकून टीका केली: एकच मूल अनेक याद्यांत, जुनी नावं न काढलेली. मॅसॅच्युसेट्सच्या राज्य लेखापरीक्षकांनीही तिथल्या यादीबद्दल तसाच आक्षेप घेतला. पुढे २०१६ मध्ये तिथे चार्टरची मर्यादा वाढवायची की नाही यावर जनमत घेतलं, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. पालकांनी यातून एवढंच घ्यावं: मागणी खरी आहे, आकडा फुगलेला आहे. "आमच्याकडे एवढे शेकडो वेटिंगवर" असं शाळा भेटीच्या दिवशी अभिमानाने सांगते, तेव्हा ते शाळेच्या दर्जाचं प्रमाणपत्र समजू नका.

आमचा ईमेल आला जुलैच्या शेवटी. बेस शाळा, म्हणजे घराच्या पत्त्यावरून मिळणारी सरकारी शाळा, तेव्हा सुरूसुद्धा झाली होती. मुलाला वर्ग मिळाला, बाई आवडल्या, शेजारचा मित्र बाकावर. आणि ईमेलमध्ये लिहिलेलं: ४८ तासांत कळवा, नाहीतर जागा पुढच्याला. यादी जुलै-ऑगस्टमध्येच धडाधड सरकते, कारण लोक गावं बदलतात, दोन-दोन जागा अडवून बसलेले एक सोडतात. शिवाय शाळेला पैसा पटावर मिळतो, रिकामा बाक तिलाही परवडत नाही. आम्ही हो म्हटलं. मुलगा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

आता शाळा. सगळ्यात आधी कारपूल, म्हणजे मुलांना सोडण्या-आणण्याची गाड्यांची रांग, कारण वर्षभर आम्ही तेच जगलो. पिवळी बस नाही. इथल्या कायद्यात चार्टरला बस चालवायची सक्ती नाही, फक्त कुणी प्रवासापायी शाळेला मुकू नये अशी योजना हवी. प्रत्यक्षात ती योजना म्हणजे आपली गाडी. आरशाला नंबराची पाटी अडकवून रांगेत उभं राहायचं. रांग पार्किंगला दोन वळसे घालून रस्त्यावर येते. पिवळं जाकीट घातलेल्या एक बाई टॅबलेटवर नंबर टिपत गाड्यांच्या कडेने चालत येतात, आत स्पीकरवर नंबर पुकारला जातो, मूल धावत येतं. पावसात हाच कार्यक्रम दुप्पट लांबतो. मी निम्म्या मीटिंगा त्या रांगेत म्यूटवर केल्यात. पुण्याहून सासूबाई-सासरे आले होते तेव्हा घरात चार मोठी माणसं होती, पण गाडी चालवणारी दोघंच, त्यामुळे त्या मदतीचाही उपयोग नाही. शेवटी एका तेलुगू कुटुंबाबरोबर आठवडा वाटून घेतला, तेव्हा जीव भांड्यात पडला. अशी जोडी जमत नसेल तर आफ्टर-स्कूलचा महिन्याचा खर्च धरून ठेवा. शाळा फुकट, वेळ नाही.

कॅफेटेरिया नाही. बाहेरून मागवलेलं जेवण ऑर्डर करता येतं, नाहीतर डबा. आम्हाला बरंच. थर्मासमध्ये वरणभात जातो, आणि वर्गात निम्मे डबे देशी असल्याने वासावरून कुणी नाक मुरडत नाही. इमारत पूर्वी ऑफिसची होती. राज्य चार्टरना इमारतीसाठी वेगळा निधी देत नाही, ते दिसतं: खेळाचं मैदान म्हणजे कुंपण घातलेला कोपरा, संगीताची बाई सामान ढकलगाडीवर घेऊन वर्गोवर्गी फिरते. पोलो शर्ट आणि खाकी पँटचा युनिफॉर्म. सकाळची कटकट वाचते.

अभ्यास चांगला, यात वाद नाही. गुणाकार-भागाकार पक्का झाला, स्पेलिंगवर मेहनत घेतात, आठवड्याला एक पुस्तक वाचून घेतात. पण थँक्सगिव्हिंगनंतर वर्गशिक्षिका नोकरी सोडून गेल्या आणि बराच काळ बदली माणसांवर गाडी चालली. पालकांना नीट कधी सांगितलंच नाही. "ट्रान्झिशन सुरळीत आहे" एवढाच ईमेल. सुरळीत काही नव्हतं. त्या काळात घरी गणित मी घेतलं. बेस शाळेत हे झालंच नसतं असं नाही, पण तिथे तक्रार कुठे करायची ते तरी ठाऊक असतं. इथे मंडळाच्या बैठकीत जाऊन तीन मिनिटं बोलायचं.

निवड करताना एक गोष्ट नक्की तपासा. राज्य प्रत्येक शाळेला ए ते एफ श्रेणी देतं. त्या श्रेणीत ८० टक्के वजन परीक्षेतल्या गुणांना आणि २० टक्के मुलांच्या वर्षभरातल्या प्रगतीला. म्हणजे घरून तयार होऊन आलेली मुलं गोळा झाली की ए मिळणं सोपं. जिथे बस नाही तिथे गाडी आणि मोकळी दुपार असलेलीच घरं टिकतात, आणि अशा घरांतली मुलं कुठेही बरे गुण आणतात. ते श्रेय शाळेचं किती? म्हणून ग्रोथचा, म्हणजे त्या प्रगतीचा, आकडा वेगळा बघा. तो आमच्या शाळेचा ठीक आहे, डोळे दिपावेत असा नाही. आमच्या बेस शाळेचा जवळपास तेवढाच.

मुलगा रमलाय, त्याला हलवणार नाही. धाकटी पुढच्या वर्षी केजीला. भावंड म्हणून तिला लॉटरीत प्राधान्य आहे, जागा जवळजवळ पक्की. तरी बेस शाळेची नोंदणीही करून ठेवली आहे. त्यांची बस आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच थांबते, आणि नवरा म्हणतो दोन शाळा चालतील, दोन रांगा चालणार नाहीत.