लहान मुलांचं डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात ते) ऑपरेशन, आमचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

मुलगा चार वर्षांचा, रडला किंवा खोकला की उजव्या जांघेत फुगवटा यायचा, हर्निया निघाला. इमर्जन्सी नव्हती म्हणून तारीख घेतली आणि नेमका त्याच आठवड्यात सर्दी-खोकला. मी रजा टाकलेली, सगळी तयारी झालेली, आणि भूलतज्ज्ञ मॅडमनी छाती तपासून सरळ सांगितलं, आज नाही करायचं. खूप चिडले होते मी तेव्हा.

त्यांनी शांतपणे बसवून समजावलं, की सर्दी गेली तरी मुलांची श्वासनलिका काही आठवडे नाजूक असते, भूल देताना घसा एकदम आवळला जाऊ शकतो आणि ऑक्सिजन झपाझप खाली येतो. नंतर मी स्वतः वाचलं, युरोपातल्या 33 देशांतल्या 261 हॉस्पिटल्सचा अ‍ॅप्रिकॉट नावाचा अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात भूल दिलेल्या शंभरातल्या साधारण 5 मुलांच्या बाबतीत गंभीर प्रसंग आला होता आणि त्यात श्वासाचेच जास्त. हे वाचून माझा सगळा राग गेला, उलट त्यांनी नाही म्हटलं म्हणूनच माझा विश्वास बसला. आणि नुसतं परत नाही पाठवलं, फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या झाल्या तर तारखेची वाट न बघता तडक या हेही बजावलं.

ऑपरेशनच्या दिवशी उजव्या मांडीवर मार्करने बाण काढला. नाव काय, कुठली बाजू, तीन वेगवेगळ्या लोकांनी तेच विचारलं. मला वाटलं फाईल वाचत नाहीत की काय, पण ती डब्ल्यूएचओची 2008 पासूनची चेकलिस्ट आहे, विचारायलाच हवं. घरी आल्यावर तो बाण दोन दिवस सगळ्यांना दाखवत होता.

एक स्टार कापलाय तो उपाशी ठेवण्याच्या गोंधळासाठी. मॅडमनी सांगितलेलं की खाणं 6 तास आधी बंद पण साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल, आणि आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवरून फोन, रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको. घाबरून आम्ही तेच ऐकलं. सकाळी उठल्यापासून लेकरू आई पाणी, आई पाणी करत होतं. ऑपरेशन अकराचं, आठला पोचलो, मॅडमना कळल्यावर त्यांनीच लगेच पाणी मागवलं, दोन्ही हातांनी ग्लास धरून गटागटा प्यायला तो. कृपा करून रिसेप्शनवाल्यांना हे तास कागदावर लिहून द्या.