टायटॅनियम डायऑक्साइड की मेथिलीन ब्लू?

पहिली पांढरी भुकटी, तिचा लेपही देतात; दुसरा निळा रंग. जिवाणू मारायला दोघांनाही प्रकाश लागतो. पण कुठला, तिथेच खरी मेख आहे. टायटॅनियम डायऑक्साइडला साधारण ३८७ नॅनोमीटरच्या आतल्या तरंगलांबीचे अतिनील किरण हवेत. उन्हात ते जेमतेम ५ टक्के, घरातल्या एलईडीत जवळपास नाहीतच. म्हणजे खोलीतल्या भिंतीवर हा लेप नुसता बसून राहणार! मेथिलीन ब्लू मात्र ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल प्रकाशावर चालतो. तो ऑक्सिजनला चेतवतो आणि चेतलेला ऑक्सिजन जिवाणूंच्या आवरणाची मोडतोड करतो. गंमत म्हणजे त्याच माऱ्यात रंग स्वतःही विटत जातो. टायटॅनियम डायऑक्साइड उत्प्रेरक, त्यामुळे खर्ची पडत नाही. उन्हातल्या पृष्ठभागांना माझ्या मते तोच बरा. पाण्यातले जिवाणू मारायला वापरलं, तर नंतर त्याची बारीक भुकटी गाळताना मात्र नाकी नऊ येतात. रंग सहज विरघळतो, पण नंतर काढावा लागतोच.