मुंबई महापालिकेचा कोविड डॅशबोर्ड: माहिती भरपूर, पण ठळक रकाना चुकीचा

साथीच्या काळात महापालिकेने रोज काढलेल्या डॅशबोर्डच्या पीडीएफ अजून कोणी जपून ठेवल्या असतील, तर एखाद्या वॉर्डात रुग्ण एकाएकी का उसळले हे त्यातून बरंच उलगडतं. फक्त वाढीचा दर आणि दुपटीचा कालावधी हे दोन रकाने आधी झाकून ठेवायचे. सगळ्यात जास्त बातम्या त्यांच्यावर झाल्या, आणि स्थानिक उसळी पकडायला तेच सगळ्यात कुचकामी.

कारण साधं गणित आहे. दर काढला जायचा तो पहिल्या दिवसापासूनच्या एकूण रुग्णांवर. समजा वॉर्डात एकूण 20,000 रुग्ण झालेत आणि रोज 24 नवे सापडतात. दर 0.12 टक्के, दुप्पट व्हायला सुमारे 580 दिवस. आता रोजचे 24 चे 48 झाले, म्हणजे संसर्ग थेट दुप्पट. तरी दर 0.24 आणि कालावधी 290 दिवस. कागदावर सगळं आलबेल! साथ जितकी जुनी, तितका हा रकाना बधिर.

त्याऐवजी एखाद्या दिवसाच्या पीडीएफमधल्या वॉर्डाच्या एकूण आकड्यातून त्याच्या सात दिवस आधीचा आकडा वजा करा, 7 ने भागा, मग दर लाख लोकसंख्येमागे किती ते काढा. सातच दिवस घ्यायचे, कारण रविवारी चाचण्या कमी व्हायच्या आणि त्यानंतरचा आकडा उगाच खाली दिसायचा. लोकसंख्येने भागणं तर टाळताच येत नाही. 2011 च्या जनगणनेत मालाडच्या पी उत्तर वॉर्डात सुमारे 9.4 लाख माणसं होती, डोंगरीच्या बी वॉर्डात जेमतेम 1.3 लाख. नुसत्या आकड्यांच्या यादीत पी उत्तर वरच्या क्रमांकावर दिसणारच, त्यात बातमी काही नाही. वजाबाकी उणे आली तर घाबरू नका, पत्ते दुरुस्त होऊन रुग्ण दुसऱ्या वॉर्डात गेलेले असू शकतात.

डॅशबोर्डचा खरा ऐवज म्हणजे सील इमारती आणि प्रतिबंधित क्षेत्रं यांचे वेगळे आकडे. प्रतिबंधित क्षेत्रं बहुतेक चाळी आणि झोपडपट्ट्यांतली. फेब्रुवारी 2021 मध्ये चेंबूरच्या एम पश्चिम वॉर्डात रुग्ण वाढू लागले तेव्हा कोडं सोडवायला हेच दोन आकडे शेजारी ठेवायला हवे होते. जुलै 2020 च्या सेरो सर्वेक्षणात (रक्त तपासून आधी लागण होऊन गेली का ते पाहणारी पाहणी) तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत 57 टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या होत्या, इमारतींत फक्त 16 टक्के. (त्या तीनांत एम पश्चिमही होता.) म्हणजे विषाणूला अजून मोकळं रान होतं ते सोसायट्यांमध्ये. त्यात 1 फेब्रुवारीपासून ठरावीक वेळात लोकल सर्वांसाठी सुरू झाली. दोष एकट्या लोकलवर ढकलणं मात्र घाईचं ठरेल, तारखा जुळल्या म्हणून कारण सिद्ध होत नाही.

या आकड्यांतही एक खड्डा आहे. सील करायचा नियमच बदलत गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये पाचपेक्षा जास्त रुग्ण असलेली इमारत सील व्हायची, जानेवारी 2022 मध्ये 20 टक्क्यांहून जास्त घरांत रुग्ण असतील तर. नियम बदलला त्या आठवड्यात आलेली उडी किंवा घट संसर्गाची समजू नये. मृत्यूंचंही तसंच: 16 जून 2020 ला मुंबईच्या खात्यात 862 जुने मृत्यू एकदम जमा झाले. ते त्या दिवशीचे नव्हते, ताळमेळ तेव्हा लागला.

बाकी दोन उणिवा मोठ्या. रुग्ण मोजला जायचा तो घरच्या पत्त्यावर. फोर्टच्या ऑफिसात किंवा लोकलच्या डब्यात लागण झालेला दहिसरकर दहिसरच्या आर उत्तर वॉर्डातच दिसतो, त्यामुळे संसर्ग कुठे झाला हे यातून कळत नाही. आणि वॉर्डवार चाचण्या शेजारी नसतील, तर रुग्ण वाढले की शोध वाढला हे ठरवता येत नाही. 22 जून 2020 ला उत्तर मुंबईच्या उपनगरांसाठी 50 फिरते दवाखाने निघाले. असे दवाखाने संशयित शोधून चाचणीला पाठवतात, मग आकडा वर जाणं हे त्यांचं काम नीट चालल्याचंही लक्षण असतं.

जानेवारी 2022 साठी मात्र हा सगळा खटाटोप अर्धवटच राहतो. 7 तारखेचे 20,971 रुग्ण म्हणजे नोंद झालेले. घरच्या घरी किटने चाचणी करून गप्प बसलेले त्यात नाहीत. त्या लाटेपुरतं रुग्णसंख्या सोडून भरलेल्या ऑक्सिजन खाटांच्या रकान्यावर बोट ठेवा.