विद्यापीठाच्या आवाराचा नकाशा : लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅप वापरल्यानंतरचा अनुभव

नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा विभाग, ग्रंथालय, मेस किंवा दवाखाना शोधताना प्रत्येक वळणावर विचारत जावे लागू नये, यासाठी आम्ही पुण्यातील एका शैक्षणिक आवाराचा ब्राउझरमध्ये उघडणारा नकाशा तयार केला. त्यासाठी ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणारी लीफलेट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच) आणि स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची माहिती वापरली. दोन्ही विनामूल्य आहेत आणि अशा कामासाठी ही जोडी मी निःशंकपणे सुचवेन.

व्होलोदिमिर आगाफोन्किन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली लीफलेट अवघी ४२ किलोबाइटच्या आसपास असल्यामुळे नेटवर्क क्षीण असलेल्या कोपऱ्यातही ती चटकन उघडते. सुरुवातीला एकाच गोष्टीने आम्हाला अडवले. ठिकाणांची माहिती साठवणाऱ्या जिओजेसन फाइलमध्ये रेखांश आधी लिहितात, लीफलेटला मात्र अक्षांश आधी लागतो. हा क्रम उलटला की पुण्यातील इमारत थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात दिसते.

खरे कष्ट दारांचे होते. ओपनस्ट्रीटमॅपवर इमारत ही एक बंदिस्त आकृती असते आणि तिच्यासाठी एकच पिन हवी असली की साधारणपणे त्या आकृतीचा मध्य घेतला जातो. ग्रंथालयाचा मध्य पुस्तकांच्या कपाटांमध्ये येतो आणि त्या बिंदूला सर्वांत जवळचा रस्ता कित्येकदा कुंपणाच्या पलीकडचा असतो. म्हणजे नकाशा माणसाला इमारतीपर्यंत नेतो, पण मागच्या भिंतीपाशी. यावर उपाय एकच, तो म्हणजे प्रत्येक इमारतीभोवती चालत जाऊन मुख्य दार, पायऱ्या, रॅम्प आणि कायम कुलूपबंद असणारी फाटके स्वतंत्रपणे नोंदवणे. या सर्वांसाठी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टॅग, म्हणजे ठिकाणाला जोडायच्या ठरावीक खुणा, आहेत. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थिनीला रॅम्प कोणत्या बाजूला आहे हे घरून निघण्यापूर्वीच कळणे, ही मला या व्यवस्थेची सर्वांत मोलाची बाब वाटते.

नावांचीही काळजी घ्यावी लागते. पाटीवर ‘उपाहारगृह’ असते, शोधणारा ‘कँटीन’ लिहितो, म्हणून मराठी नाव, इंग्रजी नाव आणि बोलण्यातले नाव अशी तिन्ही शोधात घेतली. शोध आणि पायवाटेचा मार्ग या सोयी मूळ लीफलेटमध्ये नाहीत. त्यांसाठी प्लगइन, म्हणजे वेगळे पूरक कोड, जोडावे लागतात.

खर्चाचा विचार टाइल्सपाशी, म्हणजे ज्या लहान चौकोनी चित्रांनी नकाशा पडद्यावर उमटतो त्यांच्यापाशी, करावा. ओपनस्ट्रीटमॅपचा स्वतःचा टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतो आणि त्यावर मोठा भार टाकण्यास परवानगी नाही, त्यामुळे हजारो विद्यार्थी नकाशा वापरणार असतील तर संस्थेने स्वतःचा सर्व्हर उभारावा किंवा शुल्क भरून टाइल्स घ्याव्यात. नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा श्रेयनिर्देश सक्तीचा आहे. इमारतीच्या आतील मजल्यांपर्यंत आम्ही अजून पोहोचलेलो नाही. तूर्त पिनवर बोट ठेवल्यावर मजला आणि खोली क्रमांक दिसतो.