‘ट्रान्सक्राइब!’ घेऊन हेंड्रिक्स वाजवायला बसलात तर

गाणं संथ करून ऐकवणारी साधनं हल्ली पैशाला पासरी मिळतात. मग सेव्हन्थ स्ट्रिंग कंपनीच्या ‘ट्रान्सक्राइब!’ या सॉफ्टवेअरला वेगळे पैसे का मोजायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याची परीक्षा सोप्या गाण्यांवर घेऊन काही कळत नाही, म्हणून इथे कसोटीला रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स घेतला आहे: फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल), वाह (आवाज उघडमीट करणारं पेडल), अंगठ्याने धरलेले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), अर्धा सूर उतरवलेली गिटार आणि १९६० च्या दशकातलं चमत्कारिक स्टिरिओ. यात जे सॉफ्टवेअर टिकेल ते बाकी क्लासिक रॉकमध्ये सहज टिकेल.

आधी एक गैरसमज दूर करू. नावावरून वाटतं की गाणं आत टाकलं की टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची हे आकड्यांत सांगणारी लिपी, बाहेर पडेल. तसं होत नाही आणि बनवणाऱ्यांचा तसा दावाही नाही. हे सॉफ्टवेअर ऐकायला मदत करतं. लिहायचं आणि वाजवायचं तुम्हालाच. पट्टी न बदलता वेग कमी करणं, हवा तो तुकडा फिरवत ठेवणं (लूप), सेमीटोन (अर्धा सूर) आणि सेंटपर्यंत (सेमीटोनचा शंभरावा भाग) सूर वरखाली करणं, डावा-उजवा चॅनेल वेगळा ऐकणं, इक्वलायझर, आणि खाली पियानोच्या पट्ट्यांवर उमटणारा स्पेक्ट्रम (कुठला स्वर किती जोरात आहे याचा आलेख), एवढाच याचा संसार. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, ३० दिवस फुकट वापरून बघता येतं. ऑडिओ फाइल मात्र तुमच्याकडे हवी; स्ट्रीमिंग ॲपमधलं कुलूपबंद गाणं ते उघडत नाही. दिसायला अगदी जुनाट आहे. पहिल्या दहा मिनिटांत निम्मे लोक त्या चेहऱ्याला कंटाळून बंद करत असतील.

सुरुवात खुणांपासून करा, स्पेक्ट्रमपासून नको. गाणं पूर्ण वेगात चालू ठेवून प्रत्येक मात्रागटाच्या पहिल्या ठोक्याला एम ही कळ दाबायची, नवा भाग सुरू झाला की एस. हेंड्रिक्सच्या ‘हे जो’सारख्या गाण्याला हे एकदा ऐकता ऐकता होऊन जातं. खुणा थोड्या पुढेमागे पडतातच, त्या नंतर माउसने सरकवता येतात. हे काम टाळलंत तर पुढे दर वेळी ‘तो तुकडा कुठे होता’ म्हणून शोधाशोध करत बसाल, आणि लूपचं टोक ठोक्याच्या आत-बाहेर पडल्यामुळे ताल चुकीचा डोक्यात बसेल. लूप अर्धा ठोका लांब राहिला तरी हात तसाच वाजवायला शिकतो. मग तो मोडायला दुप्पट वेळ लागतो.

दुसरी पायरी सूर जुळवण्याची. टेपवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत सूर बऱ्याचदा दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी असतो. गिटार ट्यूनरने अचूक लावली तरी गाण्याबरोबर बेसूर वाटते ती यामुळे. इथे गिटारला हात लावू नका, गाणं काही सेंट वर किंवा खाली न्या. त्याआधी मुळात गिटार कशी लावली आहे हे ओळखायला हवं. ‘हे जो’, ‘पर्पल हेझ’ आणि ‘द विंड क्राइज मेरी’ नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहेत. ‘लिटल विंग’ आणि ‘वुडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)’ अर्धा सूर खाली. ओळखायची खूण अशी: गिटारचा सर्वांत खालचा मोकळा वाजणारा स्वर शोधा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ‘ई’च्या खाली जाताच येत नाही. तिथे ई फ्लॅट घुमताना ऐकू आला तर तारा उतरवलेल्या आहेत.

‘ट्रान्सक्राइब!’मध्ये गाणंच एक सेमीटोन वर चढवून तारा न उतरवता वाजवण्याचा मोह होतो. स्वर शोधेपर्यंत ठीक आहे. सरावाला मात्र तारा खरंच उतरवा. अर्धा सूर खाली तार सैल होते, बेंड (तार ओढून सूर चढवणं) कमी जोराने चढतो आणि व्हिब्रॅटो (स्वराचं आंदोलन) रुंद होतो; ‘लिटल विंग’मधला निम्मा गोडवा त्या सैलपणातच आहे. तारा फारच बारीक असतील तर सहावी (सर्वांत जाड) तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, खडखडते, तेव्हा एक जाड सेट लावा किंवा ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) किंचित उचला.

आता स्पेक्ट्रम. हाच भाग विकला जातो आणि हाच सर्वांत जास्त फसवतो. ‘पर्पल हेझ’मधला ‘ई सेव्हन शार्प नाइन’ हा प्रसिद्ध कॉर्ड घ्या. धरायचा असा: सहावी तार मोकळी, पाचवीवर सातवा फ्रेट, चौथीवर सहावा, तिसरीवर सातवा, दुसरीवर आठवा, पहिली बंद. म्हणजे स्वर ई, ई, जी शार्प, डी, जी. यात ‘बी’ कुठेच नाही. तरीही हा कॉर्ड निवडून स्पेक्ट्रम पाहिलात तर बी वर ठसठशीत उंचवटा दिसू शकतो, आणि कॉर्ड ओळखणारी यादी निमूटपणे बी धरून नावं सुचवते. कारण साधं आहे. कुठल्याही तारेचा तिसरा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. ई च्या पोटात बी आधीपासून असतोच, आणि फझ तो फुगवून समोर आणतं. तानपुऱ्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्यातलाच हा प्रकार.

यावर उपाय असा की कॉर्डच्या पहिल्या आघातावरचा तुकडा निवडू नका. किंचित पुढचा, स्वर विरत असतानाचा घ्या. गोंगाट ओसरला की खरे स्वर टिकतात. मग स्वतःच्या गिटारवर संशयित स्वर घालून आणि वगळून दोन्ही वाजवा आणि गाण्याशी ताडून पाहा. बी घातला की हा कॉर्ड लगेच चिखल होतो; शंका तिथेच मिटते. याच गाण्याच्या सुरुवातीला गिटार बी फ्लॅटवर आणि बास (खालच्या सुरांची गिटार) ई वर असतो. तो ओरखडा खराच आहे, तिथे स्पेक्ट्रमवर अविश्वास दाखवून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. सोलोमध्ये ऑक्टेव्हिया आहे. हे यंत्र स्वराची वारंवारता दुप्पट करतं, त्यामुळे वरचं सप्तक मूळ स्वराइतकं किंवा जास्त ठळक दिसतं. पियानोवरचा उंचवटा प्रमाण मानून बाराव्या फ्रेटच्या पुढे धावलात तर चुकलात; आधी एक सप्तक खाली वाजवून पाहा.

पियानोची पट्टी आणखी एक गोष्ट सांगू शकत नाही: तार कोणती. पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. कुठला, ते आवाजाच्या जाडीवरून आणि पुढच्या स्वराला हात पोचतो का यावरून ठरवायचं. हेंड्रिक्सच्या बाबतीत एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, तो सहावी तार अनेकदा अंगठ्याने धरतो. ‘जी’चा कॉर्ड बार करून (एक बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवून) धरलात तर चारही बोटं अडकतात. अंगठा सहावीच्या तिसऱ्या फ्रेटवर, चौथीवर पाचवा, तिसरीवर चौथा, दुसरीवर तिसरा, अशी पकड घेतली की करंगळी मोकळी राहते आणि दुसऱ्या तारेवर तिसऱ्यावरून पाचव्या फ्रेटला हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर बोट आपटून पुढचा स्वर काढणं) सहज बसतो. ‘लिटल विंग’ची सुरुवात अशा हालचालींनी भरलेली आहे. टॅबमध्ये नेमकं हेच हरवतं: आकडे बरोबर असतात, पकड चुकीची. अंगठा पोचत नसेल तर गिटारची मान थोडी वर घ्या आणि तळवा मानेला चिकटवा. तरीही नाही जमलं तर सहावी तार सोडून द्या, बास ते काम करतोय.

‘हे जो’ या सॉफ्टवेअरसाठी आदर्श पहिलं गाणं आहे. सी, जी, डी, ए, ई हे चक्र शेवटपर्यंत बदलत नाही, त्यामुळे खुणा एकदा लावल्या की झालं. खरी गंमत शेवटाकडे बास आणि गिटार मिळून चढतात त्या चालीत आहे: सी, ई, एफ, एफ शार्प, जी, मग जी, बी, सी, सी शार्प, डी, पुढे डी वरून ए, ए वरून ई, तोच साचा. पूर्ण वेगात ही घसरण वाटते, ६० टक्क्यांवर पायऱ्या मोजता येतात. इथे स्पेक्ट्रमवर प्रत्येक स्वर दोन सप्तकांत दिसतो, खालचा बासवादक नोएल रेडिंगचा. इक्वलायझरने १०० हर्ट्झखालचं कापलं तरी बास पूर्ण जात नाही, कारण त्याचे उपस्वर गिटारच्याच पट्ट्यात पडतात.

चॅनेल वेगळे करण्याची सोय मात्र अनपेक्षित उपयोगी. त्या काळच्या स्टिरिओ मिक्समध्ये अख्खं वाद्य एका बाजूला ढकललेलं सापडतं, आणि नुसता डावा किंवा नुसता उजवा ऐकला की गिटार अचानक उघडी पडते. प्रत्येक गाण्याला दोन्ही बाजू तपासा. दोन ठिकाणी हे फसतं. तुमच्याकडची फाइल मोनो असेल तर दोन्ही बाजू सारख्याच, आणि कराओकेची वजाबाकी (एका चॅनेलमधून दुसरा वजा करणं) केली तर हाती शांतता येते. दुसरं, १९६७ च्या ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ या अल्बममध्ये आवाज एका कानातून दुसऱ्या कानात फिरवलेले आहेत, एकच चॅनेल धरलात तर गिटार मध्येच पातळ होते आणि स्वर संपला असा भास होतो.

वेग किती कमी करायचा, यावर मतं अनेक आहेत. आमचं असं: स्वर शोधायला ५० टक्के, ताल समजायला ७५ ते ८०, आणि हाताचा दाब, तार घासल्याचा आवाज, व्हिब्रॅटो हे पूर्ण वेगातच. ५० च्या खाली ‘ट्रान्सक्राइब!’ इतरांपेक्षा स्वच्छ वाजतं हे खरं, पण पिकचा आघात तिथेही पसरट होतो आणि हेंड्रिक्सचा ड्रमर मिच मिचेलचे ड्रम्स पाण्याखाली गेल्यासारखे वाटतात. त्या वेगात ताल शिकणं म्हणजे झोपेत चालणं.

‘वुडू चाइल्ड’ला हे साधन जवळजवळ हात टेकतं. सुरुवातीला तारा फ्रेटवरच्या हाताने दाबून फक्त खरडल्या आहेत आणि वाह पेडल उघडमीट करतंय. स्वरच नाहीत, म्हणून पियानोवर नुसती काजळी पसरते. तिथे स्पेक्ट्रम झाका, दोन मात्रागटांचा लूप लावा आणि आधी फक्त पाय चालवा, खरडणं नंतर. हात आणि पाय एकदम सुरू केले की पाय पिकच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर थरथरायला लागतो, ही ठरलेली चूक.

फुकट पर्यायांचं थोडक्यात. व्हिडिओ साइटवरचा वेग कमी करायचा पर्याय पट्टी बदलत नाही, पण सेंटची दुरुस्ती नाही आणि नेमका लूप नाही. ऑडॅसिटीत बरंच काही होतं, पण ते मुळात संपादनाचं सॉफ्टवेअर आहे; ऐकून बसवायच्या कामाला चार पावलं जास्त पडतात. वाद्यं वेगळी काढून देणारी नवी एआय ॲप्स गिटार सुटी करतात खरी, पण फझ आणि झांजा एकाच पट्ट्यात असल्यामुळे स्वराची शेपटी ड्रम्सबरोबर कापली जाते. ती फाइल ‘ट्रान्सक्राइब!’मध्ये मूळ गाण्याच्या जोडीला उघडून ठेवणं हा सध्याचा सर्वांत चांगला जुगाड.

बार कॉर्ड स्वच्छ वाजत नसतील किंवा पेंटाटॉनिकच्या (पाच स्वरांच्या स्केलच्या) गिटारवरच्या पाच जागा पाठ नसतील तर आत्ताच घेऊ नका, तो वेळ हाताला द्या. ज्यांना टॅब वाजवता येतो पण ‘तसं’ वाजत नाही, त्यांनी ३० दिवसांत ‘हे जो’, ‘द विंड क्राइज मेरी’, ‘पर्पल हेझ’ आणि ‘लिटल विंग’चा फक्त पहिला भाग याच क्रमाने घ्यावा. पाच तारे दिले असते, पण फोनवर चालत नाही आणि तो कॉर्ड ओळखणारा तुकडा आत्मविश्वासाने चुकतो. साडेतीन.