भात की नागली? हवा बदलतेय, म्हणून

इगतपुरी-त्र्यंबकच्या खाचरांत इंद्रायणी भात आणि पेठ-सुरगाण्याच्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगराळ जमिनीच्या उतारावर नागली (नाचणी), ही आपल्या नाशिकची जुनी वाटणी. आता हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 280 वरून 420 च्या पुढे गेलाय.

भाताला हा वायू मानवतो, फुटवे जोमात येतात. पण अशा हवेत पिकवलेल्या तांदळात प्रथिनं, लोह, जस्त कमी भरतं, हे प्रयोगांत दिसलंय. ज्या घरात दोन्ही वेळा भातच असतो, तिथली मला खरी काळजी वाटते. शिवाय भाताचं फूल दिवसा तास-दोन तासच उघडतं. तेव्हा पारा 35 अंशांपलीकडे गेला की परागीभवन बिघडतं, दाणा पोचट राहतो. इगतपुरीत खरिपात एवढी उष्णता क्वचितच. तिथे धास्ती ऑक्टोबरच्या अवकाळीची: कापून पसरलेला भात भिजतो, लोंबीतच कोंब फुटतात.

नागलीला जादा वायूचा फारसा फायदा नाही, कारण तिच्या पानांत तो एकवटायची सोय मुळातच असते. पण ऊन, पावसाची उघडीप ती सोसते. कॅल्शियम तर तांदळाच्या कितीतरी पट. उत्पन्न कमी, कष्ट जास्त, हे मान्य. तरी खाचरात भात ठेवा, पण वरकस नागलीकडून काढून घेऊ नका.